कोऱ्या यंत्राखाली प्लायवूडचे तुकडे

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पंतप्रधान विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तिच्यातील अठरा पारंपरिक व्यवसायांत सुतारकाम आहे आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य व दोन टप्प्यांत मिळून ३ लाख रुपयांपर्यंतचे कर्ज, अशी तिची रचना आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात तर उत्पादन करणाऱ्या उद्योगासाठी ५० लाख रुपयांपर्यंतचा प्रकल्प मांडता येतो. त्यामुळे कालपर्यंत पडवीत बसून पायाच्या अंगठ्यात फळी धरून काम करणारा सुतार आज गाळा घेऊन यंत्रे मांडू लागला आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र त्या यंत्रांच्या पायाखाली काय आहे, हा प्रश्न यंत्र विकणारा, कर्ज देणारा, प्रशिक्षण देणारा आणि यंत्र घेणारे आम्ही, यांपैकी कोणीही वेळेवर विचारत नाही. मीही विचारला नव्हता. त्याची किंमत मोजून झाल्यावर हे पत्र लिहीत आहे.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात चौकटी, दरवाजे आणि खिडक्या बनवण्याचा माझा लहानसा कारखाना आहे. काही वर्षांपूर्वी त्यासाठी औद्योगिक वसाहतीतला एक गाळा भाड्याने घेतला. त्यात आधी आंब्याचा रस काढून डबे भरण्याचे काम चाले, आणि जमीन रोज धुता यावी म्हणून कोबा मुद्दाम मागच्या भिंतीलगतच्या गटाराकडे उतरता केलेला होता. गाळा पाहायला गेलो तेव्हा मी छप्पर पाहिले, थ्री-फेज वीज पाहिली, लाकडाचा ट्रक दारापर्यंत येतो की नाही हे पाहिले. जमिनीकडे पाहिले ते ती स्वच्छ आहे का, एवढ्यापुरतेच. पहिले मोठे यंत्र आले ते बारा इंच रुंदीचे आणि सहा फूट लांबीचे रंधा मशीन, म्हणजे फळीची बाजू तासून सपाट करणारे यंत्र. वर बिडाची (ओतीव लोखंडाची) टेबले, खाली जाड पत्र्याचे स्टँड. विक्रेत्याने पाठवलेल्या फिटरने ते भिंतीला समांतर उभे केले, टेबलावर लांबीच्या दिशेने पाणसळ (बुडबुड्यावरून पातळी दाखवणारी पट्टी) ठेवली, मागचा एक कोपरा खाली दिसला म्हणून माझ्याच कचऱ्यातले प्लायवूडचे तीन तुकडे एकावर एक ठेवून त्या पायाखाली सरकवले, चारही पायांतून कोब्यात रॉ-बोल्ट मारले, ते पान्ह्याने करकचून आवळले, बुडबुडा मधोमध असल्याचे मला दाखवले आणि कागदावर सही घेऊन तो निघून गेला. हे सगळे पाऊण तासात आटोपले.

त्यानंतर चौकटीचे सात फुटी उभे पिळलेले निघू लागले. रंध्यावर एक बाजू साफ करावी, तीच बाजू खाली ठेवून थिकनेसरमधून, म्हणजे जाडी एकसारखी करणाऱ्या यंत्रातून, काढावे आणि सपाट टेबलावर ठेवावे, तर एक कोपरा बोटाने दाबताच टकटक वाजे. मी आधी लाकडाला दोष दिला, की साग नीट वाळलेला नसावा. मग पाती बदलली. मग यंत्रावर उभ्या राहणाऱ्या मुलाचा हात सरळ पडत नाही असे ठरवून त्याला चार शब्द सुनावले, आणि याचे मला आजही वाईट वाटते. शेवटी ओळखीतले एक वयस्क मिस्त्री सहज म्हणून आले. त्यांनी पाण्याचा घोटही न घेता खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या दोन सरळ पट्ट्या मागितल्या, एक पट्टी पुढच्या टेबलाच्या टोकाला आडवी ठेवली, दुसरी मागच्या टेबलाच्या टोकाला तशीच आडवी ठेवली, गुडघ्यांवर हात टेकून वाकले आणि एक डोळा मिटून पहिल्या पट्टीच्या काठावरून दुसरीकडे पाहिले. मग मला पाहायला लावले. दूरच्या पट्टीचे डावे टोक जवळच्या पट्टीच्या वर डोकावत होते आणि उजवे टोक तिच्याआड लपले होते. पीळ लाकडात नव्हता, यंत्राच्या टेबलांत होता. त्यांनी प्लायवूडच्या पायाचा बोल्ट ढिला केला, तसा तो कोपरा आमच्या डोळ्यांदेखत किंचित वर आला आणि दोन्ही पट्ट्या एका रेषेत आल्या. आवळताना प्लायवूड दबले होते, पाय खाली ओढला गेला होता, आणि त्या ओढीने वरचे बीडसुद्धा वळले होते.

बीड वळते यावर माझा तोपर्यंत विश्वास नव्हता. पण रंधा मशीनची दोन टेबले एकमेकांशी केसभराने जरी तिरकी झाली, तरी त्यांवरून सरकणाऱ्या फळीवर तो तिरकेपणा जसाच्या तसा उतरतो. हातरंध्याने काम करणारा सुतार आपला डोळा आणि गुण्या प्रमाण मानतो, म्हणून त्याला शेणाने सारवलेले खळेही चालते. यंत्राला डोळा नसतो. त्याचे टेबल हेच त्याचे प्रमाण, आणि ते टेबल ज्या चार पायांवर उभे आहे ते पाय जमिनीवर विसंबून असतात. पिढीजात सुतारसुद्धा यंत्राकडे वळताना जमिनीबाबत चुकतो, त्याचे कारण मला वाटते हेच आहे.

येथे दोन गोष्टींची गल्लत होते. यंत्र समतल असणे वेगळे आणि यंत्राला पीळ नसणे वेगळे. तीन दगडांच्या चुलीवर भांडे कधी डगमगत नाही, कारण तीन टेकू कसेही असले तरी त्यांच्यावर एक पातळी बसतेच. चौथा टेकू आला की तो त्या पातळीत असेल तरच टेकतो, नाहीतर लोंबकळतो. लोंबकळणाऱ्या पायाला बोल्टने जमिनीशी जखडले की लंगडणे थांबते, पण त्याच्या जागी पीळ येतो, आणि पीळ अधिक वाईट, कारण लंगडणे हाताला कळते आणि पीळ कळत नाही. याउलट संपूर्ण जमीन एकसारखी उतरती असेल, तर ती तिरकी असली तरी सपाटच असते. तिच्यावर यंत्राचे चारही पाय बरोबर टेकतात आणि यंत्र तिरके उभे राहूनही फळी सरळ निघते. माझ्या गाळ्याचा उतार हा मुख्य दोषी नव्हताच. गटाराजवळचा दोनेक फुटांचा पट्टा कधीतरी उखडून पुन्हा भरलेला होता, तो मूळ कोब्यापेक्षा खाली बसला होता, आणि माझ्या यंत्राचा नेमका एक पाय त्या पट्ट्यावर आला होता. मी यंत्र तीन फूट पुढे घेतले असते तर प्लायवूडची गरजच पडली नसती.

अर्थात, तिरकेपणा सर्वच यंत्रांना चालतो असे नाही. मोठे तक्ते कापणाऱ्या पॅनल सॉचे सरकते टेबल उतारावर असेल तर ते हात सोडताच आपोआप उताराकडे घरंगळते, आणि करवत फिरत असताना घरंगळणारे टेबल म्हणजे अपघाताला आमंत्रण आहे. छत्तीस इंची चाकांचा बँडसॉ (दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीची करवत) माणसापेक्षा उंच असतो आणि त्याचे बरेचसे वजन वर असते, म्हणून त्याच्या बाबतीत पाणसळीच्या बारकाव्यापेक्षा तो ओळंब्यात उभा आहे आणि चारही पायांवर घट्ट टेकला आहे, हे महत्त्वाचे. थिकनेसर फळीला स्वतःच्याच टेबलावर दाबून धरतो. त्याला थोडा उतार सोसतो, पण पुढेमागे ठेवलेले आधाराचे रोलर त्याच्या टेबलाच्या उंचीशी जुळले नाहीत तर फळीच्या टोकाला खड्डा पडतो. लाकडी लेथवर ओबडधोबड ओंडका चढवला आणि एक पाय अधांतरी असला, तर यंत्र थरथरत चक्क चालू लागते.

जमीन मोजण्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी पुरते. पाण्यात चिमूटभर नीळ घालावी म्हणजे पातळी स्पष्ट दिसते, नळीत हवेचा एकही फुगा राहू देऊ नये, नळीवर कोणी पाय देऊ नये आणि पाहताना दोन्ही टोकांवरचे अंगठे काढलेले असावेत. आम्ही नळीने चारही भिंतींवर एक पातळीची रेघ मारली, समोरासमोरच्या रेघांमध्ये दोरी ताणली, आणि दर दोन फुटांवर दोरीपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजून तो आकडा तिथेच खडूने कोब्यावर लिहिला. दारापासून गटारापर्यंतच्या वीस फुटांत ४५ मिलिमीटरचा उतार निघाला, म्हणजे फुटामागे सव्वादोन मिलिमीटर आणि सहा फुटी यंत्राच्या दोन टोकांत साडेतेरा मिलिमीटर. आम्ही सुतार सुतात बोलतो, आणि आठ सुतांचा इंच हे माप घराच्या कामाला पुरेसेही आहे. परंतु यंत्राच्या पायाशी अर्धे सूत म्हणजे दीड मिलिमीटरहून अधिक होते आणि पीळ पडायला तेवढे पुष्कळ आहे. एका दुपारच्या या कामातून जमिनीचा जो नकाशा तयार झाला, तो यंत्रे येण्याआधी हातात असता तर कोणते यंत्र कुठे ठेवायचे हे आपोआप ठरले असते.

यंत्र बसवताना सर्वांत उंच जागेवरच्या पायापासून सुरुवात करावी आणि बाकीचे पाय त्याच्या पातळीला उचलावेत, कारण उचलणे शक्य असते, कोबा खरवडून खाली नेणे जवळपास अशक्य. आधी तीन पाय टेकवून पातळी साधावी आणि चौथ्याखालची पोकळी फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पत्त्यांच्या मापकाने) मोजून तेवढीच भर घालावी. ही भर लोखंडी पत्र्याची असावी. पत्रा इंग्रजी यू अक्षरासारखा कापला की बोल्ट न काढता तो बाजूने सरकवता येतो. प्लायवूड, पुठ्ठा, रबरी चपलेचा तुकडा यांपैकी काहीही चालत नाही, कारण हे सर्व भाराखाली दबते, आणि आमच्या कोकणच्या पावसाळ्यात पहिली दोन तर आधी फुगतात आणि मग कुजतात. पायांना पातळी साधण्याचे बोल्ट असतील तर काम फारच सोपे होते. एम-१६ बोल्टच्या आट्यांमधील अंतर २ मिलिमीटर असते, म्हणून पाव फेरा दिला की यंत्राचा कोपरा बरोबर अर्धा मिलिमीटर उचलला जातो. मात्र बोल्टचे टोक थेट कोब्यावर टेकू देऊ नये, ते कोब्याला भोक पाडते. खाली जाड लोखंडी चकती हवी, आणि पातळी साधल्यावर वरचे चेकनट आवळायला हवे. रबरी पॅड वापरले तर आठवड्याने पुन्हा तपासावे, कारण रबर सुरुवातीच्या दिवसांत बसत जाते.

पाणसळीवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. एकदा वाचावी, मग त्याच जागी टोके उलटून पुन्हा वाचावी. बुडबुडा दोन्ही वेळा एकाच बाजूला तेवढाच सरकला तर टेबल तिरके आहे, आणि उलटल्यावर तो दुसऱ्या बाजूला गेला तर पाणसळच खोटी आहे. बांधकामातील चांगल्या पाणसळीची अचूकता साधारण मीटरमागे अर्धा मिलिमीटर असते, तर धातूच्या लेथसाठीच्या पाणसळीची एक रेघ मीटरमागे ०.०२ मिलिमीटर दाखवते. लाकूडकामाला त्या दुसऱ्या पाणसळीची चैन नको, कारण लाकूडच एका पावसाळ्यात त्याच्या कितीतरी पट फुगते. पण साधी पाणसळ लांबीत आणि रुंदीत, आणि रुंदीत तर दोन्ही टोकांना, अशी ठेवलीच पाहिजे. माझ्या फिटरने ती फक्त लांबीत ठेवली होती, म्हणून त्याला पीळ दिसला नाही.

आणि बोल्ट. यंत्र जागेवरून सरकू नये एवढेच बोल्टचे काम असते, यंत्राला जमिनीशी ओढून बसवणे हे त्याचे काम नव्हे. टेबलावर पाणसळ ठेवून एकेक बोल्ट आवळावा आणि बुडबुड्यावर नजर ठेवावी. आवळताना बुडबुडा हलला तर त्या पायाखाली भर कमी आहे असे समजून बोल्ट सोडावा, पत्रा घालावा आणि पुन्हा आवळावा. मिस्त्रींनी माझ्या यंत्राच्या एका पायाला हे पाच वेळा करायला लावले. पाचव्या वेळी बुडबुडा हलला नाही.

भाड्याच्या गाळ्यात जमीन फोडता येत नाही, ही आमच्यापैकी बहुतेकांची अडचण आहे. कोब्यावर सिमेंटचा पातळ थर देऊन उंची साधण्याचा मोह होतो, पण जुन्या कोब्याला टाचे न मारता (छिन्नीने तो खडबडीत न करता) दिलेला अर्ध्या इंचाचा थर यंत्राच्या थरथरीने काही महिन्यांत पोपडे धरून सुटतो. मी शेवटी लोखंडी चॅनेलची चौकट वेल्डिंग करून घेतली, तिला सहा ठिकाणी पातळीचे बोल्ट लावले आणि यंत्र त्या चौकटीवर बसवले. गाळा सोडला तर चौकटीसकट यंत्र उचलता येईल. जागा स्वतःची असेल तर जड यंत्रापुरता कोबा कापून, खाली सोलिंग (दगडांचा थर) करून, जाळी टाकून सहा इंचांचे काँक्रीट घालावे, ते आजूबाजूच्या जमिनीच्या बरोबरीत ठेवावे म्हणजे ठेच लागत नाही, आणि त्याला पूर्ण मजबुती येण्यासाठी अठ्ठावीस दिवस द्यावेत. आमच्याकडे खाली जांभा आहे, तो फारसा हलत नाही. देशावरच्या काळ्या मातीत मात्र पावसाळ्यात जमीन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिथल्या उद्योजकांनी दोन्ही ऋतूंनंतर पातळी पुन्हा पाहावी हे बरे.

हे सारे करताना वीज मुख्य स्विचपासून बंद हवी, पहार किंवा जॅक यंत्राच्या तळालाच लावावा, टेबलाला किंवा चाकाला कधीही लावू नये, एका वेळी थोडेसेच उचलून लगेच खाली लाकडी ठोकळा सरकवावा आणि पत्रा घालताना बोटे नव्हे, सळई वापरावी.

आता मुद्दा हा की या गोष्टी कोणी कोणाला सांगायच्या. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३२ मध्ये जमिनी भक्कम बांधणीच्या आणि नीट राखलेल्या असाव्यात असे म्हटले होते. ते कामगाराच्या पायांसाठी होते, यंत्राच्या पायांसाठी नव्हे, आणि माझ्यासारखे चार माणसांचे कारखाने त्या कायद्याच्या कक्षेत येतही नसत. तेव्हा कायद्याकडून फार अपेक्षा नाही. पण माझ्या कर्जाच्या प्रकल्प अहवालात यंत्र, वीजजोडणी, फर्निचर, खेळते भांडवल असे रकाने होते आणि पायाभरणीला एक ओळही नव्हती. चॅनेलच्या चौकटीचा खर्च मला लाकडाच्या पैशांतून भागवावा लागला. अहवाल तयार करणाऱ्या सल्लागारांनी ही ओळ घालावी आणि बँकांनी ती मान्य करावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये सुतारकाम शिकणाऱ्या मुलांकडून पाण्याच्या नळीने एका खोलीची जमीन मोजून घ्यावी आणि दोन पट्ट्यांनी एका यंत्राचा पीळ ओळखून घ्यावा. याला साहित्य जवळपास काहीच लागत नाही. विक्रेत्यांनी यंत्र पाठवण्याआधी ग्राहकाकडून पायांच्या जागांचे चार आकडे मागवून घ्यावेत, म्हणजे फिटर बरोबर पत्रे घेऊन येईल आणि ग्राहकाच्या कचऱ्यात हात घालणार नाही.

ग्राहकाची सही ज्या कागदावर घेतात, त्यावर आज फक्त ‘यंत्र चालू स्थितीत मिळाले’ असे असते. त्याखाली आणखी दोन ओळी छापाव्यात: दोन पट्ट्यांमधला फरक बोल्ट आवळण्यापूर्वी किती होता आणि आवळल्यानंतर किती राहिला. दोन्ही आकडे फिटरने ग्राहकाला पट्ट्यांवरून पाहायला लावून लिहावेत आणि मगच सही घ्यावी.

आपला विश्वासू,
एक सुतारकाम व्यावसायिक, कुडाळ